मागच्या सीटचा पॉइंट

नलिनीबाई डोंगरे दुकानात आल्या की मी हातातला पाना आधी खाली ठेवतो. शाळा सुटून जमाना झाला, दाढी पांढरी व्हायला लागली, तरी त्यांच्यासमोर हात रिकामे असलेले बरे असं मला अजून वाटतं. पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांनी मला गणित आणि विज्ञान शिकवलं. गणित मला आलं नाही, हा काही त्यांचा दोष नव्हता. विज्ञानातली वीज तेवढी डोक्यात शिरली, आणि तिच्याच भरवशावर सौंसरला बसस्टँडमागे माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालतं.

बाई नाकावर माशी बसू देत नाहीत. त्यांना येताना पाहून बाजारातल्या भाजीवाल्याचा तराजू आपोआप सरळ होतो, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. पण त्यांच्या रागाचं मूळ गमतीचं नाही. लोधीखेड्याकडच्या एका खेड्यात त्यांचं माहेर. त्या स्वतः शाळेत शिकत असताना त्यांच्या धाकट्या भावाला, सागरला, गवतात साप चावला. घरच्यांनी त्याला बैलगाडीत घातलं, पण गाडी दवाखान्याकडे वळायची ती एका मांत्रिकाकडे वळली. अंगारा झाला, लिंबं कापली, तांदूळ उतरवून टाकले. बाई भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. हे त्यांनी आम्हाला वर्गात एकदाच सांगितलं, सापांचा धडा शिकवताना. डोळ्यांत पाणी नव्हतं. सगळा राग होता.

तेव्हापासून त्यांचं एकच सांगणं: आधी डॉक्टर, मग डॉक्टर आणि नंतरही डॉक्टर. सौंसरहून त्या रोज बसने पांढुर्ण्याला यायच्या. वाटेत जामसांवली लागते. हनुमानाच्या मंदिराकडे बघून ड्रायव्हरसकट अख्खी बस हात जोडते. बाई तेवढा वेळ पोरांचे पेपर तपासत बसायच्या आणि पेन जराही थांबवायच्या नाहीत. लोक नावं ठेवायचे. ठेवोत बापडे.

त्यांचे यजमान मोरेश्वरकाका म्हणजे दुसरं टोक. जिनिंगमध्ये फिटर होते. बोलणं कमी, हसणं जास्त. लग्नाआधी दर शनिवारी जामसांवलीला जायचे, लग्नानंतर बंद झाले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "घरातच दर्शन होते ना रोज, रागीट देवीचं." बाई हे ऐकून डोळे वटारायच्या आणि चहा मात्र त्यांनाच आधी द्यायच्या.

पण कापसाच्या कारखान्यात आयुष्य काढणं म्हणजे छातीत कापूस भरणं. काकांची फुप्फुसं गेली. आधी जिना चढताना धाप लागायची, मग अंघोळ करताना, मग नुसतं बोलताना. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं. हवेतून ऑक्सिजन काढायचं आणि नळीने नाकात सोडायचं. ते विजेवर चालतं. प्रवासासाठी एक लहान मशीन घेतलं, खांद्याला अडकवायच्या पिशवीएवढं. त्याची बॅटरी नागपूरला जाईपर्यंत कशीबशी टिकते, पण वाटेत काही झालं की संपलं. म्हणून शेजारच्या तुषारला गाडी चालवायला लावून बाई काकांसह माझ्याकडे आल्या.

"योगेश, मागच्या सीटजवळ एक पॉइंट काढून दे. यांचं मशीन गाडीवर चाललं पायजे."

"समोर हाय ना बाई एक."

"बघ तरी तो."

बघितला. कोणत्या तरी भिकार मोबाइल चार्जरने तो आतून वितळलेला होता. मी तो उपटून फेकून दिला. असले चार्जर विकणाऱ्यांना एकदा रांगेत उभं करून बाईंच्या ताब्यात द्यायला पाहिजे.

मग मी काम नीट केलं. बॅटरीपासून जाड स्वतंत्र वायर घेतली, बॅटरीजवळच तिला फ्यूज लावला, वायर गालिच्याखालून नेली आणि दोन सीटांच्या मधोमध, हँडब्रेकच्या मागे सॉकेट बसवला. चावी काढली, इंजिन बंद असलं, तरी करंट राहील असा. नाहीतर आमच्यातले काही महाभाग दुसऱ्याच तारेला चिकटपट्टीने जोड देतात आणि धूर निघाला की कंपनीला शिव्या घालतात. मशीनची पिन आत घातली, खट् झालं, हिरवा दिवा लागला. काकांनी मान डोलावली.

आमच्या भागात नवीन वस्तू अशी कोरडी वापरायला काढत नाहीत. विहिरीवरची मोटर असो, फवारणीचा पंप असो, बटण दाबायच्या आधी हळदकुंकू आणि अक्षता पडल्या पाहिजेत. मी सवयीने म्हटलं, "बाई, निदान नारळ तरी..." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुह्या वायरीवर तुहा भरवसा हाय का नाही?"

"हाय ना जी."

"मंग झालं."

त्यानंतर महिना-दीड महिना गेला. तेवढ्यात नागपूरला जायची वेळ आली नाही, पॉइंट तसाच पडून राहिला. उन्हाळा तापला आणि एका संध्याकाळी अवकाळी वादळ आलं. गारा पडल्या, संत्र्याची कोवळी फळं झडली, खांब आडवे झाले. सौंसरपासून पुढे बोरगावपर्यंत वीज गेली. आमच्याकडे वीज जाणं नवं नाही, म्हणून मी निवांत झोपलो. सकाळी बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू आला नाही.

"योगेश, लवकर ये. गाडी तुलेच चालवा लागते."

त्यांचा मुलगा अंकुर पुण्याला. एरवी गाडी चालवणारा शेजारचा तुषार बाहेरगावी. काकांना आता गाडी चालवणं होत नव्हतं आणि बाई कधी शिकल्याच नाहीत. मी पोहोचलो तर काका खुर्चीत पुढे वाकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मोठं मशीन वीज गेल्यापासून बंद. रात्र घरच्या जादा सिलिंडरवर काढली होती, तो संपल्यावर लहान मशीन लावलं आणि त्याची बॅटरीही तळाला आली होती. अॅम्ब्युलन्ससाठी फोन केला होता, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन छिंदवाड्याला गेलेली. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, असतील तसे घेऊन या.

"गाडीत पॉइंट हाय," बाई म्हणाल्या. "गाडीत बसले की झालं."

काकांना मागे बसवलं. बाई शेजारी. त्यांनी पिन सॉकेटमध्ये दाबली आणि मी गाडी काढली. घाईत कोणी दिव्याकडे पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. आपण स्वतः केलेलं काम, बघायचं काय त्यात?

लोधीखेड्याचा फाटा मागे पडला आणि मशीन ओरडायला लागलं. टीं टीं टीं.

"काय म्हणून राहिलं ते?" मी विचारलं.

बाई वाकल्या. "बॅटरी संपून राहिली म्हणते. योगेश, हिरवा दिवा नाही लागला."

"पिन दाबा जरा."

"दाबली."

"फिरवून दाबा."

"दाबली म्हणते ना!"

आरशात मला काकांचा चेहरा दिसला. ओठांचा रंग जांभळ्याकडे गेला होता. बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा उतरत होता आणि बाई तो आकडा पाहत होत्या. माझी वायर. माझा जोड. या रस्त्याने सावनेर गाठलं तर तिथं दवाखाने आहेत, पण सावनेर अजून लांब. थांबलो आणि दोष सापडला नाही तर तेवढा वेळ वाया. पळवली आणि वाटेत मशीन बंद पडलं तर मागे जे होईल ते मी आरशात बघायचं.

"बाई, पळवू का थांबू?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. पण उत्तर देण्याआधी त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, ते पाहणं माझ्या लक्षात आहे.

"सावनेरपावतर नाही पुरत हे. थांब. गाडी बाजूले घे."

एका संत्र्याच्या बागेच्या कुंपणाला लागून गाडी उभी केली. बॉनेट उघडलं. फ्यूज काढून उन्हात धरला, आतली तार अख्खी. परत बसवला. बॅटरीचे जोड हलवून पाहिले, पक्के. गालिचा उचलला, वायर कुठे दबली नव्हती, उंदराने कुरतडली नव्हती. टेस्ट लॅम्प घेतला, त्याचं टोक सॉकेटमध्ये घातलं, इकडेतिकडे फिरवलं. दिवा लागला. करंट येत होता!

"लाइट तं येऊन राहिली," मी ओरडलोच. "बाई, तुमच्या मशीनचीच पिन खराब हाय."

"नवीन पिन हाय ते."

"मंग मी काय करू? सॉकेटमंधी करंट हाय, मशीन घेत नाही, त्यात माहा काय दोष?"

बोललो आणि जीभ चावली. काकांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि मी दोष वाटत बसलो होतो. मशीनची टीं टीं आता सलग झाली होती. बाई रस्त्यावर जाऊन हात दाखवायला लागल्या. एक ट्रक थांबला, पण ट्रकची वीज दुप्पट दाबाची, हे मशीन त्यावर लावलं असतं तर जळून खाक झालं असतं. त्याला जा म्हटलं. एक कार आली, वेग जरा कमी केला आणि निघून गेली. आतल्यांना काय वाटलं असेल देव जाणे. माझ्या तोंडून त्यांच्यासाठी जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाई परत आल्या. सीटजवळ गुडघ्यांवर बसल्या, पिन हातात घेतली आणि सावकाश आत घातली. काढली. परत घातली. वर्गात एखाद्या पोराच्या चुकलेल्या गणितावरून बोट फिरवायच्या तशा.

"योगेश, पहिल्या दिवशी खट् झालं होतं. आता होत नाही. पिन पुरी जाऊन नाही राहिली."

"जाईल कशी नाही? आत काय..."

मी थांबलो, कारण बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"आत तांदूळ हाय," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"तुह्यात चूक नाही. माह्यात हाय. तू पॉइंट बसवून देल्ला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे झोपले होते. मी हळद लावली अन् अक्षता टाकल्या. आत पडल्या असतील." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पाहून काय राहिला? काढ ते!"

सापाच्या विषावर तांदूळ उतरवले म्हणून जगाशी भांडलेली बाई. तिने सॉकेटमध्ये अक्षता टाकल्या होत्या. हसावं की रडावं ते कळायला वेळ नव्हता. सॉकेटच्या तळाला मधोमध करंट असतो, पिनचं टोक तिथं टेकायला लागतं. मध्ये तांदळाचा दाणा आला की झालं. टेस्ट लॅम्पचं बारीक टोक बाजूने आत जात होतं म्हणून तो लागत होता आणि मी शहाणा मशीनला दोष देत होतो.

आधी फ्यूज काढला. आत लोखंडी वस्तू घालायची नव्हती, तळाची करंटची जागा खराब झाली असती तर सगळंच संपलं असतं. कुंपणावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. एक लांब काटा मोडून घेतला आणि मोबाइलच्या उजेडात आत कोरायला लागलो. एक पिवळा दाणा निघाला. मग दुसरा. मी फ्यूज बसवला, बाईंनी पिन घातली. हिरवा दिवा लागला.

आणि गेला.

"लागला होता!" बाई ओरडल्या. "लागला होता ना!"

टीं टीं पण बंद झाली. मशीन बंद पडलं. त्या शांततेत काकांच्या घशातला आवाज तेवढा ऐकू येत होता. बाईंनी त्यांना मागून धरलं, छाती सरळ राहील असं, आणि त्यांच्या कानाशी म्हणत राहिल्या, "हळू घ्या, ओठ चंबूसारखे करा, हळू सोडा. मी हाय ना. मी हाय." काटा तळाला नीट लागेना. फ्यूज परत काढला. आडवं झोपून, गाल गालिच्याला टेकवून आत पाहिलं. तळाशी काहीतरी काळपट चिकटलेलं होतं. तेल, त्यात कुंकू, उन्हात गाडी तापून तापून त्याची खपली झालेली. खरवडलं. काटा मोडला. दुसरा आणला. खपली निघाली आणि तिच्यासोबत एक दाणा बाहेर आला. लाल.

फ्यूज, पिन. खट्.

हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मशीनने एकदा घरघर केली, मग नेहमीसारखं फस् फस् सुरू झालं. मी रस्त्यावरच बसलो. बाईंनी नळी नाकात नीट केली आणि बोटावरच्या यंत्राकडे बघत राहिल्या. आकडा आधी हलला नाही. मग हळूहळू चढायला लागला.

मग बाईंनी माझ्या तळहातावरचे दाणे पाहिले.

"माह्या हळदीच्या होत्या," त्या म्हणाल्या. "हा लाल कोनाचा?"

मी कसा सांगणार? मी तर नव्हता टाकला. आम्ही दोघांनी एकदमच काकांकडे पाहिलं. त्यांना बोलणं शक्य नव्हतं. त्यांनी डोळे न उघडता, शाळेतल्या पोरासारखं, एक बोट वर केलं.

बाईंनी दार लावून घेतलं. "चाल, योगेश," एवढंच.

पुढचा रस्ता मी कसा कापला ते मलाच ठाऊक. सावनेर गेलं, थांबलो नाही, कारण मशीन चालत होतं आणि डॉक्टर नागपूरला वाट पाहत होते. आरशात मी फक्त हिरवा दिवा बघत होतो. नागपूरला दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, काकांना आत नेलं, तोंडावर मोठा मास्क बसला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाईंच्या पदराला तेलाचा आणि कुंकवाचा डाग लागला होता. मी चहा आणला, तो तसाच गार झाला.

"लोकांनी ऐकलं तं म्हणतील, नलिनी डोंगरेनं नवऱ्याचा जीव घेतला अक्षता टाकून," त्या म्हणाल्या.

"कोनाले सांगतो मी!"

"मी सांगीन. माही चूक मी लपवत नाही." मग पदरावरचा डाग चोळत, "भीती वाटत होती रे. डॉक्टर आता नवीन काही सांगून नाही राहिले. मले दुसरं काही करता येत नव्हतं."

त्यांना इतकं हळू बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मी उगाच गाडीच्या किल्लीशी खेळत बसलो.

दुपारी नर्सने बोलावलं. काका उठून बसले होते. मास्क होता, पण ओठांना रंग आला होता. बाई पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"तुमाले कायची गरज होती? आत टाकायले? तेलात कालवून?"

काकांनी मास्क थोडा वर उचलला. "जामसांवलीवरून... तुषारनं आणून देल्ल्या होत्या. तू... रागावशील म्हणून..." दम लागला. थांबले. "तूनं काय मागतलं?"

बाईंनी मान फिरवली. "तुमी बरे व्हावं म्हणून. अजून काय मागीन? अन् तुमी?"

काका जरा हसले. बोलायला त्यांना वेळ लागला, मध्ये दोनदा मास्क लावावा लागला.

"मी मागतलं... गाडीत, तुह्यासमोर... जीव जाऊ नये. घरी कोनी नसताना जावा. तूनं सागरले पाहिलं होतं... मांडीवर. परत नोको म्हणलं."

मी दाराकडे सरकलो, पण पाय निघेनात. बाई रडत होत्या, मोठ्याने, लपवायचा काहीही प्रयत्न न करता. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, काकांचा मास्क त्यांच्या तोंडावर घट्ट बसवला आणि त्यांचे दोन्ही हात धरून जोडले.

"हे चूक मागणं झालं," त्या म्हणाल्या. "परत मागा. आत्ता, माह्यासमोर. जगायचं मागा."

काकांनी डोळे मिटले. बाई तशाच उभ्या राहिल्या, त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरून.